बाबांच्या फुप्फुसातल्या स्टेम सेल संपल्यात का?

या वेळचं पत्र सिंहगड रोडवरून आलंय, थोडं कापून देते.

"नमस्कार ताई, बाबा 67 वर्षांचे आहेत, भोसरीच्या एका कंपनीतून रिटायर झालेत, आयुष्यात विडी-सिगरेटला हात लावला नाही. दोन वर्षांपासून कोरडा खोकला आहे आणि आता एक मजला चढले तरी मध्ये थांबावं लागतं. छातीचा एचआरसीटी स्कॅन काढला, त्यात फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात व्रण, आलंय. डॉक्टरांनी आयएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या भिंती जाड होण्याचा आजार, सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, पण म्हणाले की गोळ्यांनी झालेलं भरून येणार नाही, फक्त पुढचं वाढणं हळू होईल. त्यावर भावाने एक सेंटर शोधलंय. तिथे नाळेतल्या स्टेम सेलची तीन इंजेक्शनं देतात, पॅकेज साडेचार लाख, फुप्फुस आतून नवीन तयार होतं म्हणतात. 20 हजार टोकन त्याने भरलंसुद्धा. एफडी मोडायची की नाही यावरून घरात रोज वाद. बाबा यात काहीच बोलत नाहीत, सकाळी बाल्कनीत कबुतरांना ज्वारी टाकतात आणि तिथेच बसून राहतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. परवा मात्र मला हळूच म्हणाले, माझ्यातल्या स्टेम सेल संपल्या का गं? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?"

देते. पण आधी पैशाचं, कारण ते घाईचं आहे. एफडी मोडू नका. टोकन परत मागणारं पत्र आजच लिहून द्या, ईमेलही करा, पावती जपून ठेवा. आले पैसे तर आले, नाही आले तरी 20 हजारांवर सुटलात असं समजा. भावाला मात्र बोलू नका, वडील डोळ्यांसमोर धापा टाकताना दिसत असताना कुणी म्हणालं की आमच्याकडे इलाज आहे, तर मुलगा पैसे भरणारच, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, जे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. कबुतरांचं. त्यावर येतेच, पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं तर ते नीट कळेल.

बाबांना सांगा, नाही संपल्या. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी शिकवली, फायब्रोसिस झालेल्या फुप्फुसाच्या काचा मायक्रोस्कोपखाली किती बघितल्या त्याची मोजदाद नाही, आणि त्या काचांमध्ये मला या पेशी दिसायच्या. जाड झालेल्या भिंतींवर फुगीर, गोलसर पेशींची ओळच्या ओळ बसलेली असते, काही ठिकाणी तर निरोगी फुप्फुसापेक्षा जास्त दाटीने. म्हणजे काम थांबवून निघून गेलेल्या नाहीत त्या, कामावर हजर आहेत, पण त्यांचं काम पुरं होत नाहीये. बाबांच्या आजाराचं मर्म यातच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळा करू नका.

फुप्फुस म्हणजे आपल्याला शाळेत फुगा सांगतात, पण ते फुग्यासारखं अजिबात नसतं. ताजं फुप्फुस हातात घेतलं तर स्पंजसारखं लागतं, दाबलं की आतून बारीक चरचर होते आणि पाण्यात सोडलं की तरंगतं. आत वायुकोश असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी 48 कोटी, एकेक साधारण 0.2 मिलिमीटरचा. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर 70 चौरस मीटरच्या आसपास जागा भरेल, म्हणजे तुमच्या सिंहगड रोडवरचा एक बऱ्यापैकी टूबीएचके, आणि हे सगळं छातीच्या पिंजऱ्यात घडी करून ठेवलेलं. हवेतला ऑक्सिजन या कोशांच्या भिंतीतून पलीकडच्या रक्तात जातो आणि भिंत इतकी पातळ आहे म्हणूनच जातो.

त्या भिंतीला आतून दोन प्रकारच्या पेशींचं अस्तर असतं. पहिल्या प्रकारच्या, टाइप वन म्हणतात, त्या कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ, अंग पसरून झोपल्यासारख्या, आणि कोशाची सुमारे 95 टक्के जागा त्यांनीच व्यापलेली असते. श्वासाचं खरं काम त्यांच्यातून होतं. पण इतकं पातळ आणि पसरट असल्यामुळे त्या नाजूक असतात, धूर, व्हायरस, जंतू, कसलाही मार बसला की आधी त्या मरतात, आणि त्यांना स्वतःला दोनाच्या चार होणं फारसं जमत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, टाइप टू, कोशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसलेल्या असतात, चौकोनी, ठेंगण्या, मायक्रोस्कोपखाली पोटात फेस भरल्यासारख्या दिसतात. तो फेस म्हणजे सर्फॅक्टंट, एक साबणासारखा पदार्थ, त्याच्यामुळे श्वास सोडल्यावर कोश मिटून चिकटून बसत नाहीत. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना श्वास घेता येत नाही तो बऱ्याचदा हे सर्फॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं म्हणून.

बरीच वर्षं डॉक्टर लोकांना वाटायचं की टाइप टूचं काम एवढंच. मग 1970 च्या दशकात उंदरांना नायट्रोजन डायऑक्साइडच्या हवेत ठेवून बघितलं तेव्हा दिसलं की टाइप वन मेल्यावर कोपऱ्यातल्या टाइप टू विभागायला लागतात आणि त्यातल्या काही चपट्या होत होत टाइप वन बनतात. आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांमध्ये टाइप टू पेशींवर कायमची खूण घालून त्यांची पिढ्यान्पिढ्या नजर ठेवून नक्की केलं की होय, वायुकोशांच्या स्टेम सेल याच.

स्टेम सेल हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी जादूचं वाटतं, बाटलीतून येणारं. बाबांना विरजणाचं उदाहरण द्या. रोज दही लावतो तेव्हा आपण चमचाभर बाजूला काढून ठेवतो, बाकीचं जेवणात जातं, आणि उद्याचं दही त्या चमच्यातून येतं. स्टेम सेलचं तसंच आहे, विभागली की एक स्वतःसारखी राहते उद्यासाठी आणि दुसरी कामाला जाते. आतड्याचं अस्तर या पद्धतीने तीन ते पाच दिवसांत नवं होतं. फुप्फुसाचं तसं नाही, एरवी तिथे पेशी बदलायचा वेग फार कमी, महिनोन्महिने सगळं शांत असतं, पण जखम झाली की हे विरजण जागं होतं.

आणि जागा एकच नाहीये. मोठ्या श्वासनळ्यांमध्ये तळाशी बेसल पेशी असतात, त्या वरच्या केसाळ पेशी आणि कफाच्या पेशी तयार करत राहतात, त्याच्याही खाली बारीक नळ्यांत क्लब पेशी असतात त्या तिथलं बघतात. म्हणजे प्रत्येक मजल्यावर वेगळा कारागीर. माझ्या मते या क्षेत्रातली कळायला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, की फुप्फुसाची स्टेम सेल म्हणून एकच कुठलीतरी नाही, आणि ज्याची जागा जिथे त्याचं काम तिथे. 2011 मध्ये एका फार मोठ्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये पेपर आला होता की फुप्फुसाचं सगळं काही बनवू शकणारी एकच मानवी स्टेम सेल सापडली. जगभर बातम्या झाल्या. 2018 मध्ये तो पेपर जर्नलने मागे घेतला, त्यातल्या माहितीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून. तुमच्या भावाने नेटवर शोधलं असेल तर 2011 च्या बातम्या अजून सापडतील, मागे घेतल्याच्या बातम्या लोक तितक्या वाचत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता हे दुरुस्तीचं काम कसं होतं ते बघा, कारण बिघडतं कुठे ते त्यातच कळेल. टाइप वन मेली की खालची चटई उघडी पडते, बेसमेंट मेंब्रेन म्हणतात तिला. साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, मेलेलं उचलतात आणि रसायनं सोडून कोपऱ्यातल्या टाइप टूला उठवतात. शेजारी भिंतीच्या आत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्या एरवी टाइप टूला तू आहेस तशीच राहा असा निरोप देत असतात, आणि गरज पडली की वाढीचे निरोप देतात. टाइप टू विभागते, पोरी चटईवर सरकतात, चपट्या व्हायला लागतात, मध्ये एक अधलीमधली अवस्था असते जेव्हा ती धड टाइप टूही नाही आणि टाइप वनही नाही, आणि मग ती पसरून टाइप वन होते, साफसफाईवाले निघून जातात, फायब्रोब्लास्ट शांत होतात. साध्या न्यूमोनियानंतर हे असंच होतं, म्हणून बहुतेक लोक न्यूमोनियातून उठून पुन्हा पर्वती चढतात. श्वासाची हालचालसुद्धा यात लागते, 2023 मध्ये उंदरांवर दाखवलंय की फुप्फुस फुगणं-मिटणं बंद केलं तर टाइप वन पेशी परत टाइप टूसारख्या व्हायला लागतात, म्हणजे ताण आहे म्हणून ती पसरलेली राहते. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं.

बिघडतं कुठे? मार बसायचा थांबत नाही तिथे. आज जखम झाली, टाइप टू उठली, काम अर्धं झालं, परत मार, परत अर्धं, असं वर्षानुवर्षं. वयाबरोबर या पेशी म्हाताऱ्याही होतात, त्यांच्या गुणसूत्रांची टोकं झिजतात, काही घराण्यांत ती जन्मतःच आखूड असतात. मग त्या अधल्यामधल्या अवस्थेत अडकून बसतात, पुढे जात नाहीत, आणि अडकलेल्या पेशी सतत गडबड झालीय असे निरोप बाहेर सोडत राहतात. ते ऐकून फायब्रोब्लास्ट घाबरल्यासारखे कामाला लागतात आणि भसाभस कोलॅजन ओततात, म्हणजे व्रण. कापल्यावर हातावर व्रण राहतो तो भले वाईट दिसो, पण फुप्फुसात व्रण आला की तिथून ऑक्सिजन जात नाही, आणि ज्या भागात मार मोठा असतो तिथे नळ्यांच्या पेशी येऊन ठिगळ लावतात, ठिगळ टिकतं पण त्यातून श्वास होत नाही. असं फुप्फुस मी हातात धरलंय, स्पंज राहिलेला नसतो, रबरासारखं घट्ट लागतं. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा त्यांना व्हेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा आवाज येतो तो याचाच.

तेव्हा बाबांना सांगायचं ते असं, की विरजण आहे, पण दूध सतत उकळतंय. उकळत्या दुधात कितीही चांगलं विरजण घातलं तरी दही लागत नाही. आणि काही ठिकाणी भांडंच फुटलंय, म्हणजे चटई आणि भिंत दोन्ही गेल्यात, तिथे आज जगातल्या कुठल्याच पेशीला काही करता येत नाही. हे कडू आहे पण मी गोड करून सांगणार नाही.

आता त्या इंजेक्शनचं. नाळेतल्या किंवा चरबीतल्या ज्या पेशी देतात त्यांना मेसेंकायमल पेशी म्हणतात. त्या हाड, कूर्चा, चरबी अशा घराण्यातल्या आहेत. त्या टाइप टू नाहीत आणि टाइप टू होतही नाहीत. दह्यासाठी विरजण मागायला गेलो आणि कुणी लोणच्याचा खार दिला तर तो कितीही चांगला असला तरी दही लागणार नाही, तसं. शिरेतून दिल्या की हृदयातून पहिल्यांदा फुप्फुसातच येतात आणि तिथल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात, सेंटरवाले याचंच फुप्फुसात पोचतात म्हणून वर्णन करतात. पोचतात हे खरं, पण प्राण्यांमध्ये बघितलंय की बहुतेक एक-दोन दिवसांत मरून साफ होतात. थोडा वेळ सूज कमी करणारी रसायनं सोडतात, म्हणून त्यांच्यावर संशोधन चाललंय आणि ते चालावं असं मलाही वाटतं. पण फुप्फुस आतून नवीन तयार होतं हे वाक्य खोटं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणाऱ्या आजाराच्या, 62 पेशंटवर अमेरिकेत चाचणी झाली, दर महिन्याला एक असे चार डोस दिले, दोन वर्षं बघितलं, 2013 मध्ये निकाल छापला, त्रास काही झाला नाही पण फुप्फुसाची क्षमताही वाढली नाही. तो आजार वेगळा आहे बाबांच्या आजारापेक्षा, पण चमत्कार असता तर तिथे थोडा तरी दिसला असता. आणि ती चाचणी काटेकोर देखरेखीत झाली, बाहेर कोण पेशी कुठे वाढवतं, किती स्वच्छ ठेवतं याची खात्री कोण देणार? आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाला शिरेतून काहीही दिलं की इन्फेक्शन आणि गुठळीची भीती असतेच.

कायद्याच्या बाजूनेही बघा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्वच्छ लिहिलंय की रक्ताच्या वगैरे काही ठरावीक आजारांसाठी करतात ते बोन मॅरोसारखं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी कुठल्याही आजारासाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. आणि चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर नोंदलेली असते, नेटवर फुकट बघता येते, आणि संशोधनाचा खर्च पेशंटकडून घ्यायचा नसतो. म्हणून भावाला एवढंच करायला सांगा, सेंटरला फोन करून सीटीआरआयचा नोंदणी नंबर मागायचा. नंबर मिळाला तर मला कळवा, मी बघून सांगते. साडेचार लाखांचं पॅकेज आणि चाचणी या दोन गोष्टी एकत्र नसतात.

माझ्या स्वतःच्या मावशीला अशाच एका ठिकाणी नेलं होतं, तिलाही फायब्रोसिस होतं. मी तेव्हा नोकरीत होते, विषय माझाच, आणि तरी घरच्यांना ठामपणे नको म्हणाले नाही कारण आशा मोडायचं धाडस झालं नाही. पहिल्या इंजेक्शननंतर तिला आठवडाभर बरं वाटलं, सगळे खूश झालो, नंतर परत तेच, आणि त्या तीन-चार महिन्यांत तिची नेहमीची औषधं आणि व्यायाम मागे पडले ते पडलेच. ते माझ्या मनात अजून आहे. म्हणून तुम्हाला इतकं स्पष्ट लिहितेय.

मग पुढे कधीच काही नाही का? तसंही नाही. चीनमध्ये 2024 साली एक छोटी चाचणी छापून आली, त्यात पेशंटच्या स्वतःच्याच श्वासनळीतून ब्रशने बेसल घराण्यातल्या पेशी काढल्या, लॅबमध्ये वाढवल्या आणि ब्रॉन्कोस्कोपने, म्हणजे श्वासनळीत घालायच्या दुर्बिणीने, परत त्याच्याच फुप्फुसात सोडल्या. सीओपीडीचे 17 पेशंट होते, काहींची ऑक्सिजन घेण्याची क्षमता थोडी वाढलेली दिसली. इतक्या कमी लोकांवरून काही ठरत नाही, पण विचार बरोबर दिशेचा आहे, फुप्फुसाचीच पेशी फुप्फुसाला. आपल्या गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पुण्यात पेशींवर काम करणारी चांगली माणसं आहेत, संशोधनाशी माझं भांडण नाही. ते पुरं होण्याआधी विकायला काढतात त्यांच्याशी आहे.

आणि फुप्फुस स्वतःहून किती करू शकतं तेही ऐका. 2012 मध्ये एका बाईची केस छापून आली होती, 33 व्या वर्षी कॅन्सरसाठी तिचं उजवं फुप्फुस पूर्ण काढलं होतं, पंधरा वर्षांनी बघितलं तर डावं नुसतं फुगलेलं नव्हतं, त्यात नवे वायुकोश आल्याच्या खुणा होत्या. आणि 2020 मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी 16 लोकांच्या श्वासनळ्यांतल्या पेशी एकेक करून तपासल्या. सिगरेट ओढणाऱ्यांच्या पेशींत हजारोंनी बिघाड, पण ज्यांनी सोडली होती त्यांच्या 20 ते 40 टक्के पेशी जवळजवळ कधीच न ओढणाऱ्यांसारख्या निघाल्या. धुरामुळे खराब झालेल्या दुरुस्त झाल्या असं नाही, कुठेतरी दडून राहिलेल्या चांगल्या पेशींनी मार थांबल्यावर जागा परत घेतली असं संशोधकांना वाटतं. मार थांबल्यावर, हे लक्षात ठेवा.

कारण आता कबुतरं.

भारतात आयएलडीच्या पेशंटची एक मोठी नोंद झाली होती, 19 शहरांतले 1,084 पेशंट, 2017 मध्ये ती छापली गेली. त्यात सगळ्यात जास्त निघालं ते हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, एचपी म्हणतात, जवळजवळ निम्मे, 47 टक्के. एचपी म्हणजे श्वासातून जाणाऱ्या एखाद्या गोष्टीचं फुप्फुसाला वावडं असणं, कुणाला कूलरमधल्या बुरशीचं, कुणाला पक्ष्यांचं. कबुतराची विष्ठा सुकते, तिची पूड होते, पिसांवरची पांढरी भुकटी असते, ती पंख फडफडले की उडते आणि थेट वायुकोशांपर्यंत जाते. सगळ्यांना होत नाही, दहा जण त्याच बाल्कनीत बसतील आणि एकालाच होईल, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. त्या एकाच्या फुप्फुसात रोज सकाळी ज्वारीबरोबर ठिणगी पडते. रोज.

बाबांना हेच झालंय असं मी म्हणत नाही, पत्रावरून निदान करायचं नसतं. पण एचआरसीटीचा रिपोर्ट काढा आणि शेवटच्या ओळी वाचा, तिथे एचपी किंवा फायब्रोटिक एचपी असे शब्द आहेत का बघा, आणि असोत नसोत, या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन सांगा की घरी कबुतरं आहेत, बाबा किती वर्षं ज्वारी टाकतात, डक्टमध्ये घरटी आहेत का, एसीच्या मागे आहेत का, घरात कूलर आहे का, उशी पिसांची आहे का. ओपीडीच्या गर्दीत हे विचारायचं राहून जातं आणि पेशंटला सांगायचं सुचत नाही. डॉक्टर कदाचित रक्ताची तपासणी सांगतील, कदाचित ब्रॉन्कोस्कोपी, किंवा रेडिओलॉजिस्टबरोबर बसून पुन्हा स्कॅन बघतील. उत्तर एचपी आलं तर कारण दूर करणं हा पहिला उपचार, आणि सूज असेल तर स्टेरॉइडचा उपयोग होतो. ताज्या सुजेचा भाग ओसरू शकतो. व्रण झालेला भाग परत येत नाही, पण नवा मार बंद झाला की उरलेल्या फुप्फुसातल्या टाइप टूला निवांतपणे काम करता येतं. दूध उकळायचं थांबतं.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. निंटेडानिब असेल तर ती जेवणाबरोबरच द्या, जुलाब होतात आणि भूक जाते, झालं तर मनाने सोडू नका, डॉक्टर डोस कमी करून देतात, लिव्हरची तपासणी वेळेवर करा. पिरफेनिडोन असेल तर उन्हात जाताना अंग झाकून. या दोन्ही औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली तीच 2014 मध्ये, त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत आमच्या हातात यातलं काही नव्हतं, तेव्हा वाढणं हळू होईल हे वाक्य तुम्हाला लहान वाटलं तरी लहान नाही. घरी ऑक्सिमीटर असेल तर बसल्या बसल्या बघू नका, सहा मिनिटं चालून आल्यावर बघा, खरा आकडा तिथे दिसतो, आणि तो लिहून ठेवा. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. पल्मनरी रिहॅब म्हणजे श्वासाचा आणि पायांचा व्यायाम, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्याने व्रण जात नाही पण तेवढ्याच फुप्फुसात माणूस जास्त चालू शकतो, आणि साडेचार लाखांतले पाच-दहा हजार इथे खर्च करा. देवघरातली उदबत्ती आणि रात्रीची डासांची कॉइल बाबांच्या खोलीतून हलवा. आजार पुढे गेलाच तर ट्रान्सप्लांटचं विचारून ठेवायला लाजू नका, वयाची अडचण येते पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपणच नाही म्हणायचं कारण नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मला माहितीये कुठली आहे. रिटायर झालेल्या माणसाची वाट बघणारं कुणीतरी रोज सकाळी सात वाजता येतं, आणि ते बंद करायचं. 2025 मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली होती, उगाच नाही, त्यात त्यांची श्रद्धा होती आणि मायाही होती. तेव्हा बाबांवर ओरडून, डबा हिसकावून काही करू नका. हे पत्र वाचून दाखवा. सांगा की तुमच्या स्टेम सेल आहेत, कामावर आहेत, त्यांना फक्त रोजचा मार नकोय. आणि सकाळची ती वेळ रिकामी ठेवू नका, तुम्ही स्वतः त्यांना घेऊन खाली उतरा, सोसायटीच्या आवारात हळूहळू एक फेरी, मग बाकावर चहा, थर्मास न्यायचा. पहिला आठवडा त्यांना जड जाईल, कबुतरंही येत राहतील आणि काचेवर चोची मारतील, ते बघवणार नाही, तरी दार बंदच ठेवा.

बाल्कनीला जाळी लावून घ्या, डक्टची सोसायटीला लेखी कळवून साफ करून घ्या, पण बाबांनी यातलं काहीही करायचं नाही आणि घरात थांबायचंही नाही. सुकी विष्ठा झाडायची नाही, आधी पाणी मारून पूर्ण भिजवायची, मग ओलीच खरवडून काढायची, करणाऱ्याने एन95 मास्क घालायचा. घरट्यांची पूड गाद्या-पडद्यांत महिनोन्महिने राहते, म्हणून पडदे धुवायला टाका, बाल्कनीतली ती जुनी सतरंजी किंवा खुर्चीची गादी असेल तर टाकून द्या. जाळीवाले यायच्या आदल्या रात्रीच बाबांना भावाकडे पोचवा, दोन दिवस तिथे राहू दे, बाल्कनी धुऊन, पुसून, खडखडीत वाळली की मग आणा. आणि तीन महिन्यांनी पीएफटी, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, कराल तेव्हा त्यातला डीएलसीओचा, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचा, आकडा आधीच्या आकड्याशेजारी लिहून मला पाठवा, मी वाट बघतेय.